चार बोटांची फट

आमचे घरमालक संध्याकाळी बाजारात थांबत नसत. रायपूरच्या आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातली दुकानं बंद व्हायच्या बऱ्याच आधी ते भाजीची पिशवी घेऊन घरी परतत. कधी उशीर झालाच आणि कुठलं तरी शटर खडखडत खाली येताना कानावर पडलंच, तर तिथेच रस्त्याच्या मधोमध डोळे मिटून उभे राहत. मागचा रिक्षावाला शिव्या घाली. शटर जमिनीला टेकल्याचा आवाज झाला, की काका डोळे उघडत आणि चालू लागत. एकदा मी बरोबर होते. मी विचारलं, "काय झालं काका?" म्हणाले, "काही नाही. कोणी अंदर त नाही राह्यलं न, ते पाहून राहिलो."

रायपूर नुकतंच नव्या छत्तीसगडची राजधानी झालं होतं. भोपाळहून बदलून आलेल्या सरकारी लोकांनी गावातली बरी घरं भराभर उचलली होती. माझ्या नवऱ्याला शहराबाहेर सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या, कारखान्यात नोकरी लागली, म्हणून आम्ही अमरावतीहून आलो. पदरात पाच वर्षांची मुलगी, आणि राहायला जागा नाही. अशा दिवसांत तात्यापाऱ्यात भरवस्तीत एका घराचा अख्खा वरचा मजला रिकामा पडलेला पाहून मला आनंद व्हायच्या आधी संशयच आला. पानवाल्याने खुलासा केला. "मकान बढ़िया है दीदी, बुढ़ऊ सनकी है."

बुढ़ऊ दारातच उभे होते. उंच, वाळलेले, आणि मानेची डावी बाजू पार कानापर्यंत भाजून चकाकती झालेली. नाव-गाव, जात-पात, पगार काही विचारलं नाही. पहिला प्रश्न: "गॅस कुठी ठेवाल?" मग: "रॉकेल वापरता?" मग माझ्या नवऱ्याला जवळजवळ हुंगून: "साहेब, बिडी-सिगरेट?" या परीक्षेत आम्ही पास झाल्यावर त्यांनी वर नेऊन खिडक्या दाखवल्या. प्रत्येक चौकटीत लाकडाचा एक गुटका ठोकलेला होता आणि कड्या काढून टाकलेल्या होत्या. खिडकी कितीही ओढा, गुटक्याला अडून थांबे आणि फट राही. त्यांनी उजव्या हाताची चार बोटं त्या फटीत आडवी घालून दाखवली.

"इतकं उघडं राहीन. बारा महिने. हा एकच नियम हाये या घरात."

"थंडीत?" मी विचारलं.

मागून त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणाल्या, "स्वेटर घालून झोपाले लागते बाई. सवय होते. मले झाली न."

आम्ही राहिलो. दुसरा इलाजच नव्हता.

काकांचं नाक हा एक स्वतंत्र विषय होता. माझा नवरा आपली स्कूटर खालच्या बोळात, जिन्याखाली ठेवी. तिसऱ्याच दिवशी काकांना पेट्रोलचा वास आला. आम्हाला कोणालाच येत नव्हता. आम्ही बाहेर गेलो होतो तेवढ्यात सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने ती स्कूटर एकट्याने ओढत रस्त्यावर नेऊन उभी केली, आणि ती तिथून चोरीला गेली. नवरा संतापून खाली गेला. काका शांतपणे म्हणाले, "गाडी गेली त गेली, साहेब. घर त हाये." यावर भांडायचं तरी काय? नवरा वर येऊन जेवायला बसला आणि पुढे कितीतरी महिने कारखान्याच्या बसने गेला.

पाऱ्यात त्यांना कोणी पूजेला बोलवायचं धाडस करत नसे. समोरच्यांकडे सत्यनारायण होता. खोलीत माणसं दाटलेली, धूप पेटलेला, खिडक्या बंद. काका उठले आणि सरळ खिडकी उघडून आले. वाऱ्याने समई विझली. यजमानीण बाई तर रडायलाच लागल्या. काकूंनी पदर पसरून माफी मागितली, आणि काका खिडकीपाशी चार बोटं धरून उभेच. नागपूरला एका लग्नाला निघाले तेव्हा थंडीचे दिवस होते. डब्यातल्या लोकांनी काचा लावल्या, यांनी उघडल्या, त्यांनी पुन्हा लावल्या. शेवटी हे डोंगरगडला उतरून गेले. काकू तशाच पुढे गेल्या. काका लग्नघरी पोचले तेव्हा मांडव सोडत होते.

हे सगळं काकू हसत हसत सांगायच्या. "दुसरी असती त केव्हाच माहेरी निघून गेली असती," त्या म्हणत. "पण माहेर हेच हाये न माझं. कुठी जाऊ?"

ते खरं होतं. घर काकूंच्या वडिलांचं होतं. काकूंचा एकुलता एक मोठा भाऊ आणि काका लहानपणापासूनचे जोडीदार. दोघं इथे रेल्वेच्या छोट्या लाइनच्या इंजिन शेडात काम शिकले आणि दोघं मिळूनच कानपूरला विमानांच्या कामावर गेले. भाऊ परत आला नाही. काका आले, मानेला पट्ट्या बांधून. मुलगा गेलेल्या त्या घरात आधी येत-जात राहिले, मग काकूंशी लग्न करून कायमचे राहिले. खालच्या खोलीत त्या भावाचा फोटो होता. मिसरूड फुटलेला, केस मागे वळवलेला, कॅमेऱ्याला न घाबरणारा मुलगा. काकू अजून त्याला दादाच म्हणत, आणि त्या स्वतः तेव्हा सत्तरीला टेकल्या होत्या.

विमानांबद्दल बोलताना मात्र काका कधी आखडतं घेत नसत. संध्याकाळी माझी मुलगी ओट्यावर त्यांच्यापाशी जाऊन बसे. ती शाळेत जायला लागल्यापासून आमच्याशीही हिंदीतच बोलायची, काकांशीही. काका आपले मराठीत. दोघांचं छान जमे.

"लढाई खतम झाली," काका सांगत, "अन् गोरे आपले मोठे मोठे बाँबर तिथंच मैदानात टाकून गेले. कोणाच्या कामी येऊ नये म्हणून जाताजाता फोडून गेले. घड्याळं फोडली, इंजिनात रेती टाकली."

"फिर?"

"फिर काय! आम्ही एकाचं डोकं घेतलं, दुसऱ्याचं धड, तिसऱ्याची शेपटी. रेती धुतली. अन् उडवले."

"आजोबा, उसका पेट सच में खुलता था?"

"हव, खुले न. म्हशीसारखं पोट. अन् पोटाले दुकानासारखं शटर. असं वर गुंडाळून जाये."

जुळवलेली ती विमानं दक्षिणेतल्या मोठ्या कारखान्यात पक्क्या दुरुस्तीला उडवत न्यायची असत. वेग-उंची दाखवणारी घड्याळं धड नाहीत, चाकं वर घेतली तर पुन्हा खाली येतील याची खात्री नाही, म्हणून सगळा रस्ता चाकं खाली सोडूनच जायचं. बरोबर दोन फिटर. वाटेत काही सुटलं तर बांधायला. काकांना त्या भंगाराचा अभिमान होता. कोण कसा पडला तेही ते तितक्याच आपुलकीने सांगत. एकाचं नाकाखालचं चाक उतरताना मुडपलं आणि तो धावपट्टीवर नाक घासत गेला. एक धुक्यात डोंगराला लागला. एकाच्या शेपटीला वाऱ्याने हलू नये म्हणून लावलेली लाकडी खुंटी काढायची राहून गेली आणि तो उठला तो सरळ उभा होऊन मागे कोसळला. प्रत्येक अपघाताचं कारण काकांकडे होतं, आणि त्या कारणाचंही कारण होतं. कोण घाईत होता, कोणाचं घरून पत्र आलं नव्हतं, कोणाचं कामावर लक्ष लागत नव्हतं.

"और दादा वाला प्लेन?" मुलीने एकदा विचारलं.

"इंजिन," काका म्हणाले.

तेवढंच. मी वर वाळलेले कपडे काढत होते, मला ते खटकलं. खुंटी विसरणाऱ्याच्या घरची खबर असलेला हा माणूस आपल्या जिवलगाच्या मरणाला एका शब्दात उरकतो, हे काही मला पटलं नाही. पण दुसऱ्याच्या जखमेत बोट घालायचं मला वळण नाही. मी कपडे घेऊन आत गेले.

आमचा खरा झगडा सुरू झाला तो पुढल्या हिवाळ्यात. राज्य नवं, कारखाने नवे, आणि चिमण्यांना आवरणारं कोणी नाही. सिलतऱ्याकडून वारा सुटला की रायपूरवर काळी भुकटी उतरे. सकाळी उठून पाहावं तर उशीवर डोक्याची जागा तेवढी पांढरी. वाळत घातलेली चादर झटकली की हात काळे. नवरा जी धूळ कारखान्यात तयार करून येई, ती त्याच्या आधी घरी पोचलेली असे. आणि आमच्या घराला फटी. मुलीला खोकला लागला, खोकल्याचा दमा झाला. छातीतून शिट्टी वाजायची आणि दोन बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची. डॉक्टर म्हणाले, "खिडकियाँ बंद रखिए." इतकं सोपं.

मी फटीत जुनी लुगडी कोंबली. संध्याकाळी पाहते तो लुगडी घडी करून पलंगावर ठेवलेली. मी पुन्हा कोंबली. या वेळी काका स्वतः वर आले. "मास्तरीणबाई, हे नका करू," म्हणाले. मी त्या वेळी एका खाजगी शाळेत शिकवत होते, म्हणून हे नाव. मी काही मऊ बोलले नाही. मी म्हटलं, "काका, तुमच्या चार बोटांपायी माझी मुलगी जाईल." ते जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून मलमल आणली, प्रत्येक फटीवर खिळ्यांनी ताणून बसवली आणि दिवसातून कितीतरी वेळा वर येऊन ती पाण्याने भिजवू लागले. धूळ थोडी अडे. मलमल काळी झाली की काढून धूत, पुन्हा बसवत. म्हातारा माणूस बादली घेऊन जिना चढतोय हे बघून मला त्यांचा राग येई आणि स्वतःचीही लाज वाटे. दुसरं घर शोधत होतो, पण राजधानीच्या भावात ते आम्हाला झेपणारं नव्हतं.

पौषात मुलीला मोठा झटका आला. ओठ निळे पडले. तिला दवाखान्यात ठेवलं, ऑक्सिजन लावला. घरी आणलं तेव्हा ती पलंगावर माझ्या मांडीवर डोकं टेकून अर्धवट झोपेत होती आणि मी तिचे केस विंचरत होते. काकू वर आल्या. हातात हातोडी आणि पटाशी. त्यांनी खिडकीपाशी स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि गुटक्याखाली पटाशी लावली.

काका मागोमाग आले. त्यांनी काकूंचं मनगट धरलं. "नको."

"काहून नको? पोट्टीचा जीव चालला अन् तुमचा नेम सुटत नाही."

"हा नेम माझा नाही. विमानातला हाये."

"त विमानात ठेवा न त्याले."

"तिथं ठेवला नाही," काका म्हणाले, "म्हणून त इथं ठेवला."

काकू स्टुलावरून खाली उतरल्या. काका मुलीच्या पायाशी पलंगाच्या कडेवर बसले आणि आपल्या हातांकडे बघत बोलू लागले. मी उठून जायला हवं होतं, पण मुलीचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

"त्या बाँबरच्या पोटात पेट्रोलचा वास साचे. टाक्या जुन्या, कितीबी सांधा, झिरपेच. म्हणून शटर चार बोटं उघडं ठेवाचं, वास निघून जाये. हा पक्का नियम. त्या रोजी शटर माझ्या जिम्म्यात होतं. दादाले ताप होता. फटीतून वारा सरळ त्याच्या अंगावर. दात वाजून राहिले होते त्याचे. म्हणे, लाव न बे थोडा वेळ. मी म्हटलं, ऊन वर आलं का उघडतो. अन् लावलं. मग मागं शेपटीकडे गेलो, त्याच्यासाठी चहाची बाटली आणाले. समोर कोणी कायचा तरी स्विच दाबला, ठिणगी पडली. बस."

"अन् इंजिन?" काकूंनी विचारलं.

"चारही इंजिनं चांगले होते."

जळतं विमान नांगरलेल्या शेतात पडलं, शेपटी तुटून बाजूला झाली आणि शेपटीतला एकटा माणूस वाचला. चौकशीला आलेल्या साहेबांनी त्याला दवाखान्यात विचारलं, शटर उघडं होतं का? तो हो म्हणाला. मग इथे येऊन त्याने दादाच्या आई-बापाला सांगितलं, इंजिन. पुढे त्यांच्या मुलीला तेच सांगितलं आणि तिच्याशी संसार केला.

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मला वाटलं, आता या माणसाला त्या या घरातून, आपल्या बापाच्या घरातून, बाहेर काढणार. काढलं असतं तरी मी त्यांनाच बरोबर म्हटलं असतं. काकांनाही तेच वाटत असावं, कारण ते वर बघत नव्हते. तेवढ्यात मुलगी झोपेत खोकली. लांब, कोरडा, न थांबणारा खोकला. तो थांबेपर्यंत आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो.

"त्याले थंडी वाजून राहिली होती न?" काकू म्हणाल्या.

"हव."

"त मीबी लावलं असतं."

काकांनी मान वर केली. "खरं?"

"खरं नाही त काय. आपल्या माणसाले थंडीत कोण ठेवते? उठा आता. गुटके काढा."

काकांनी पटाशी घेतली. आमच्या खोलीतला गुटका काढला, मग मागच्या खोलीतला, मग खालचे. लाकूड चौकटीत इतकं रुतलं होतं की प्रत्येक गुटक्यासोबत एक ढलपी निघून येई. बंद खिडकीसमोर ते थोडा वेळ उभे राहिले, बाजारात राहायचे तसे. मग सगळे गुटके गोळा करून पाणी तापवायच्या बंबात घातले.

त्यानंतर काका सुधारले, असं पाऱ्यात सगळे म्हणू लागले. बाजारातून रमतगमत येत. दुपारी जेवून आडवे झाले की वरपर्यंत घोरणं ऐकू येई. इतक्या वर्षांत हा माणूस झोपलाच नव्हता की काय, असं वाटे. समोरच्यांच्या पूजेला जाऊन प्रसाद खाऊन आले. टीव्हीवरच्या मालिका बघायला लागले आणि त्यातल्या सुनांवर काकूंशी चर्चा करायला बघत. विमानांच्या गोष्टी मात्र बंद झाल्या. मुलगी मागे लागली तर म्हणत, "आता याद नाही येत बेटा." तिचा दमा पुष्कळ उतरला होता आणि मी रोज त्यांचे उपकार मानत होते, पण खरं सांगायचं तर मला जुने काका आवडायचे. हे नवे चारचौघांसारखे होते.

काकू त्याच काळात वाळत गेल्या. हसून गोष्टी सांगणं संपलं. काकांना वाढत आणि स्वतः मागून, उभ्यानेच जेवत. "गुडघे वाकत नाहीत," म्हणत. थंडीत काका आत रजईत असले की या बाहेर ओट्यावर शाल गुंडाळून बसून राहत. मी म्हणे, काकू, आत चला, बाधेल. "अंदर जीव घाबरते," असं उत्तर येई. मी ते वयावर घातलं.

पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात काका गेले. दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत. तोंडावर इतकी निवांत कळा होती की न्हाऊ घालणाऱ्यांनीही ती बोलून दाखवली. असं मरण भाग्यवंताला येतं, असं आलेला प्रत्येक माणूस म्हणाला. काकू मान हलवत होत्या.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले. मी खाली काकूंना चहा द्यायला गेले. त्या दादाच्या फोटोखाली बसल्या होत्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "काकू, तुम्ही त्या दिवशी त्यांना मोकळं केलंत. शेवटची दोन वर्षं सुखाची गेली त्यांची. दुसऱ्या कोणाला जमलं नसतं."

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला.

"तसं म्हटलं नसतं त म्हाताऱ्यानं गुटके काढले असते का?" त्या म्हणाल्या. "पोट्टी निळी पडून राहिली होती. मले एकच सुचलं."

मी त्यांच्यापाशी खाली बसले.

"मी नसतं लावलं, बाई," काकू म्हणाल्या. "थंडीनं का माणूस मरते? अन् दादापाशी कांबळं होतं. जाताना मीच त्याच्या ट्रंकेत घालून देलं होतं. ते काढून द्याचं न त्याले."